आनंदीबाईंचा भरलेला तांब्या

मित्रांनो, मी फिरकीचा तांब्या. वयाने जुना, अंगाने पितळी, दोन ठिकाणी पोचा आलेला आणि स्वभावाने तापट. स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुतेक वेळा हळव्या होतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. माझं तसं होणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो का आला हे सांगायलाच मी बसलो आहे.

आधी माझी ओळख नीट करून घ्या, कारण तुम्हाला प्लॅस्टिकच्या बाटलीपलीकडे फारसं माहीत नसतं. माझ्या तोंडाला आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवलं की बैलगाडीत, टेम्पोत, डोक्यावर, कुठेही न्या, थेंब सांडत नाही. उचलायला वर कडी आहे आणि आत प्यायचा छोटा पेला बसतो. काही लोक मला बघून टमरेल म्हणतात. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. टमरेलाचं काम वेगळं आणि माझं वेगळं. पण एकाचं काम झालं की दुसऱ्याचं काम निघतंच, एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही. माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. हातोडीचे किती घाव बसले ते मोजायचं भान मला नव्हतं. आतून चकचकीत कल्हई झाली, आटे पाडले गेले आणि पोत्यात भरून मी भिवंडीच्या बाजारात आलो. तिथे एका माणसाने मला उचललं, झाकण चार वेळा फिरवून बघितलं, पाणी भरून उलटं धरलं आणि थेंब पडला नाही म्हणून खूश झाला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दुकानदाराने माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं, ‘आनंदी’. तेव्हापासून मी आनंदीबाईंचा. वडप्याच्या माहेरून त्यांच्याबरोबर मी दिघाशीला सासरी आलो.

ती पहिली वर्षं चांगली गेली. आनंदीबाई सकाळी मला भरून शेतावर न्यायच्या. बांधावर जांभळाच्या सावलीत मी बसायचो. लावणी असो, कापणी असो, दर तासाला कोणीतरी येऊन माझं झाकण फिरवायचं. दुपारी मी रिकामा व्हायचो, विहिरीवर पुन्हा भरला जायचो आणि संध्याकाळी रिकामा घरी यायचो. बांधाच्या पलीकडे करवंदीची दाट जाळी होती. बाया दोघीदोघी तिकडे जायच्या, गप्पा मारत परत यायच्या. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

पुढे सासूने आनंदीबाईंना धवले शिकवले. धवला म्हणजे आमच्याकडच्या आगरी लग्नातलं गाणं. ते गाणारी ती धवलारीण. नुसतं मनोरंजनाचं गाणं नाही हं. मांडव उभा करण्यापासून हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीला धवलारणीने आधी गायचं, मग माणसांनी हात लावायचा. ती गायली नाही तर विधी झालाच नाही असं समजतात. आनंदीबाईंचा गळा असा, की टेमघरपासून वडप्यापर्यंत लोक त्यांना बोलवायला येत. झील धरायला, म्हणजे मागून ओळ उचलायला, शेजारची गोदू. गोदू अंगाने किरकोळ आणि मतांनी भक्कम.

आणि इथूनच माझी दुर्दशा सुरू झाली.

प्रत्येक लग्नाला आनंदीबाई मला घासून, भरून, कडीत रुमाल अडकवून बरोबर घ्यायच्या. मांडवात त्यांच्या उजव्या गुडघ्याशी माझी जागा असायची. येणाऱ्या बाया म्हणायच्या, आनंदीबाईंचं किती व्यवस्थित असतं बघा, स्वतःचं पाणी स्वतः आणतात. मी फुगून बसायचो. पण लवकरच माझ्या लक्षात आलं की मी भरलेला जातो आणि भरलेला परत येतो. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ती बाई गाते, घसा कोरडा पडतो, ओठांना भेगा पडतात, आणि माझ्या झाकणाला हात लागत नाही. हळदीच्या दिवशी निम्मं गाव पंगतीला बसतं, आणि मी मात्र शोभेला.

कारण मला गोदूकडून कळलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती ओट्यावर येऊन सांगायची, "आनंदीबाय, उद्या लग्नाला जायचंय. आतापासून पानी बेतानं." सकाळी निघताना दोघी चहासुद्धा अर्धा घ्यायच्या. मांडवात तोंडात खडीसाखर धरायची, फारच झालं तर पदराचं टोक माझ्या पाण्यात बुडवून ओठांना लावायचं. कारण एकदा धवलारीण पाटावर बसली की विधी संपेपर्यंत उठत नाही. आणि उठली तरी जायचं कुठे? मांडवात शंभर पुरुष. घर दुसऱ्याचं. त्यापेक्षा प्यायचंच नाही. हा त्यांचा शोध. या शोधाबद्दल त्यांना मोठा अभिमानही होता. गोदू छातीवर हात ठेवून सांगायची, "सकालपासून बसलो, एकदा उठलो न्हाय." जणू काही पदक मिळणार होतं.

मला संताप यायचा. गोदूचा यायचा, आनंदीबाईंचा यायचा. तेव्हा माझं चुकत होतं. राग योग्य होता, पत्ता चुकीचा होता. बरोबर पत्ता कोणाचा ते पुढे येईल.

दोन हजार पाच सालची गोष्ट. एका लग्नाहून आल्यावर आठवडाभराने आनंदीबाईंना डाव्या कुशीत कळ उठली. ताप भरला, हुडहुडी भरली. त्यांचा मुलगा धनेश मालाचा टेम्पो चालवायचा. त्याने त्यांना त्याच टेम्पोत बसवून टेमघरला डॉक्टर आसावरींकडे नेलं. सून मृणाली बरोबर होती. सवयीप्रमाणे आनंदीबाईंनी मलाही घेतलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली कापड विणायचे लूम. खटखट खटखट इतकी की डॉक्टरीणबाईंना नळी कानाला लावून मान तिरकी करावी लागे.

तपासणी झाली, पुढच्या गल्लीत जाऊन सोनोग्राफी झाली. कागद बघता बघता डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हा तांब्या कशाला आणलात?"

"वाटंत तहान लागली तं," आनंदीबाई म्हणाल्या.

"लागली?"

"न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी मला उचललं आणि झाकण फिरवलं. हललं नाही. आट्यांत हिरवा कळंक बसला होता. धनेशने फडक्यात धरून जोर लावला तेव्हा कुठे करकरत उघडलो. डॉक्टरीणबाईंनी आत वास घेतला आणि मान मागे घेतली.

"हे पाणी कधीचं आहे?"

"मागच्या लग्नाचं. भरलेलाच होता, म्हनून तसाच आनला."

डॉक्टरीणबाईंनी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं. सगळ्यांसमोर, जुनं, वास येणारं पाणी माझ्या पोटातून बाहेर पडलं. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग त्या आनंदीबाईंसमोर बसल्या आणि हसतहसत पण नीट सांगायला लागल्या. "आनंदीबाई, किडनीत खडा आहे. बारीक आहे, औषधाने आणि पाण्याने पडेल. पण नुसता खडा नाही, जंतू वर चढलेत आणि डाव्या किडनीला सूज आली आहे. पुन्हा असं झालं, तर ती किडनी राहीलच असं मी सांगू शकत नाही. आता गाण्याइतकंच लक्ष लघवीकडे द्यायचं. लिंबाच्या सरबतासारखा रंग असला तर उत्तम. हळदीसारखा दिसला तर समजायचं, हळद लग्नात शोभते, इथे नाही. प्रत्येक धवल्यामागे चार घोट. असे दिवसाला दोन तांबे रिकामे व्हायला हवेत. आणि धरून ठेवायचं नाही. आली की उठायचं."

मित्रांनो, लघवी हा शब्द आला म्हणून एकमेकांकडे बघून हसू नका. सगळ्यांना होते. राजालाही होते. हसण्यासारखं त्यात एवढंच आहे, की पुरुषाला झाली तर तो भिंत शोधतो आणि बाईला झाली तर ती दात आवळते.

आनंदीबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्यायला मी कवाबी पिईन, डॉक्टरीनबाय. पन मांडवात जाऊ कुठं, त्याचंबी औषध लिवून द्या."

डॉक्टरीणबाईंकडे त्याचं औषध नव्हतं. त्या कागदावर काहीतरी खरडत राहिल्या. तेवढ्यात आनंदीबाईंची नजर त्यांच्या टेबलावर गेली. तिथे एक निळी बाटली होती. दुपारचे दोन वाजले होते आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"तुमची बी भरलेलीच हाय की," आनंदीबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई जरा लाजल्या. "खाली लूमवाल्यांचा एक संडास आहे. चावी मुकादमाकडे असते. सारखी मागायला कसंतरी वाटतं."

"म्हंजे तुमीबी दम धरता."

"धरते खरी."

दोघी हसल्या. मृणालीही हसली. मला हसू आलं नाही. एवढी शिकलेली बाई, दिवसभर दुसऱ्यांना पाणी प्या सांगते, आणि स्वतः एका मुकादमाच्या खिशातल्या चावीमुळे तहानलेली बसते. त्या दिवशी माझ्या रागाला पहिल्यांदा नीट पत्ता सापडला. बाया वेड्या नव्हत्या. त्यांनी आपली तहान जागेच्या मापाने कापून घेतली होती, आणि जागा दुसऱ्यांनी कापली होती.

तीन आठवड्यांनी खडा पडला. घरात माझा मान वाढला. चिंच आणि राखेने मला घासलं, कल्हईवाल्याकडून नवी कल्हई करून घेतली. मृणालीने मला आपल्या हाताखाली घेतलं. संध्याकाळी ती मला हलवून बघायची. आत खळखळ वाजलं तर म्हणायची, "आई, अजून अर्धा हाय. मी उभी हाय हितं, प्या." आनंदीबाई तोंड वाकडं करून प्यायच्या. सासूवर असा धाक चालवायची संधी कोणत्या सुनेला मिळते? मृणालीने ती पुरेपूर घेतली. घरात मोरी होती, अडचण नव्हती. त्या काही महिन्यांत आनंदीबाईंचं डोकं दुखायचं थांबलं, दुपारची मरगळ गेली. औषध नव्हतं, टॉनिक नव्हतं. पाणी होतं आणि चार पावलांवर कडी असलेलं दार होतं.

मग पुढच्या मे महिन्यात हितेशचं लग्न आलं. हितेश हा आनंदीबाईंच्या धाकट्या भावाचा, बाळारामचा मुलगा. बाळाराम वडप्याला. मी बाळारामला ओळखतो ते त्याचं नाक पुसलं जायचं तेव्हापासून. आनंदीबाईंनी त्याला कडेवर घेऊन वाढवलं. हायवेला लागून त्याची भातशेती होती, ती थोडी विकून, थोडी भाड्याने देऊन तिथे गोदामं उभी राहिली आणि बाळारामचा बाळारामशेठ झाला. त्याचं मला वाईट वाटत नाही. जमीन त्याची. पण त्या शेताच्या कडेला जी करवंदीची जाळी होती, तिच्यामागे वडप्याच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जात होत्या. जमिनीबरोबर ती जाळीही गेली. बायांचा आडोसा विकला गेला आणि खरेदीखतात त्याचा एक शब्द लिहिला गेला नाही.

बाळारामने बंगला बांधला. तीन बाथरूम, प्रत्येकात पांढरं कमोड आणि फुलाफुलांच्या टाइल्स. वास्तुशांतीला त्याने पाहुण्यांना देवघराआधी बाथरूम दाखवली होती. मी तेव्हा आनंदीबाईंच्या हातात होतो, मी स्वतः बघितली. नळ सोडून दाखवला, फ्लश ओढून दाखवला. म्हणून हितेशच्या हळदीला निघताना आनंदीबाई निश्चिंत होत्या. गोदू ओट्यावर येऊन "पानी बेतानं" म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला गप्प केलं. "भावाचं घर हाय माझ्या. तीन तीन मोऱ्या हायत."

सकाळी मांडवात पहिला धवला झाला आणि आनंदीबाईंनी माझं झाकण फिरवलं. चार घोट प्यायल्या. दुसरा झाला, चार घोट. सगळ्या बायांच्या समोर, एवढ्या वर्षांनी. साडेअकराला मी रिकामा झालो. मृणालीने मला नळावर भरून आणलं. तिला सातवा महिना होता, हळूहळू चालत होती. मी पुन्हा आनंदीबाईंच्या गुडघ्याशी बसलो आणि मला वाटलं, आता आपलं आयुष्य सुधारलं.

दुपारी दोनच्या सुमाराला त्या उठल्या. मी हातात होतोच. खालच्या बाथरूमचं दार ढकललं तर उघडेना. भावजय धावत आली. "तिथं नका, वन्स. आत बर्फ हाय." दार अर्धं उघडून तिने दाखवलं. कमोडच्या झाकणावर क्रेट, क्रेटवर क्रेट, छतापर्यंत थंड्याच्या बाटल्या. खाली फरशीवर भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. पाहुण्यांना थंडा गार मिळावा म्हणून बाळारामने पहाटेच माल भरून घेतला होता. घरातली सगळ्यात थंड खोली म्हणे तीच.

वरची दोन बाथरूम ज्या खोल्यांत, त्या खोल्यांना कुलूप. आत दागिने आणि आहेर. चावी बाळारामच्या खिशात. तो मांडवाच्या दारात पांढऱ्या सफारीत उभा होता. आनंदीबाई त्याच्याजवळ गेल्या.

"बालाराम, वरची चावी दे."

"कशाला, बाय?"

"कशाला काय? जायचं हाय."

त्याने इकडेतिकडे बघितलं, जणू बहिणीने भलतंच काही मागितलं. "आत्ता? वर सगला सोनंनानं पडलंय. तू गेलीस का मागं दहा जनी जातील. मी कुनाकुनावर लक्ष ठेवू? हलद लागू दे, मंग बगू. तवर दम धर. न्हायतर पाठी जा ना."

पाठी. आनंदीबाई बंगल्याच्या मागे गेल्या. मागे गोदामाचं अंगण होतं. तीन ट्रेलर उभे, भर दुपारचं ऊन, कुठे बोटभर सावली नाही. नळावर चार ड्रायव्हर आंघोळ करत होते. त्यातला एक भिंतीकडे तोंड करून निवांत उभा होता. त्याला कोणी दम धरायला सांगितला नव्हता.

आनंदीबाई परत येऊन पाटावर बसल्या. गोदूला न सांगताच कळलं. "मी सांगितलं नव्हतं? बंद कर तो तांब्या. चार तास काय, कसेबी काढू." आनंदीबाईंनी माझं झाकण फिरवलं. घट्ट, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत. त्यांचा दुसरा हात डाव्या कुशीवर होता. मी भरलेला होतो. आयुष्यात मला कधी एवढा राग आला नाही. त्या मांडवात दीडशे बाया बसल्या होत्या, दागिने घालून, जरीच्या साड्या नेसून, आणि प्रत्येकीचं लक्ष आपल्या पोटाच्या खालच्या भागाकडे होतं. बाथरूममध्ये थंडा गार होत होता.

चारला हळदीची वेळ झाली. हितेशला पाटावर बसवलं. ताटात हळद कालवली होती. पाच सवाष्णी बोटं बुडवून तयार होत्या. व्हिडिओवाल्याने दिवा लावला. कोणीतरी सरबताचा ट्रे फिरवत आलं आणि मृणालीसमोर थांबलं. मे महिन्यातला चारचा सुमार, सातवा महिना, कपाळावर घाम. मृणालीने ग्लासाकडे बघितलं आणि हात हलवला.

"नको. मंग जावं लागतं."

एवढंच म्हणाली, अगदी हळू. पण ती आनंदीबाईंच्या मागेच बसली होती. आणि वर्षभर रोज संध्याकाळी मला हलवून, सासूला उभं राहून पाणी पाजणारी तीच होती.

आनंदीबाईंचा हात कुशीवरून खाली आला.

सवाष्णी त्यांच्याकडे बघायला लागल्या. धवला सुरू व्हायला हवा होता. आनंदीबाई गप्प. भावजयीने खूण केली. गप्प. बेंजोवाल्यांना कोणी थांबवलं तसा मांडव शांत झाला. हळदीची बोटं हवेत तशीच राहिली. भटजीही घड्याळ बघायला लागले. गोदूने कोपराने ढोसलं, "आगं, उचल ना."

आनंदीबाईंनी उचलला. सूर तोच, हळदीचा. शब्द मात्र मी कधी ऐकले नव्हते, कारण ते त्यांनी तिथेच, बसल्या जागी जुळवले होते.

मांडव घातला भावानं, मांडवाला झालर सोन्याची,
सांग भावा बहिनीला, वाट कुठं हाय मोरीची.

मग म्हाताऱ्या बायांच्या रांगेतून एक खुदकली. आनंदीबाईंनी ओळ पुन्हा घेतली. झील धरायची ती गोदूने. ती गोदू, जिने आयुष्यभर दम धरण्याचा अभिमान मिरवला. मला वाटलं ती उठून जाईल. तिने डोळे मिटले आणि पट्टी चढवून म्हणाली, वाट कुठं हाय मोरीची. तिसऱ्या वेळी दीडशे बायांनी ती ओळ उचलली. बाहेरच्या ट्रेलरवरचे ड्रायव्हरसुद्धा कुंपणाशी येऊन उभे राहिले.

बाळाराम माणसं बाजूला सारत आला. कानापर्यंत लाल. "बाय, लोकांत काय शोभा करतंस?"

"शोभा मी न्हाय करत," आनंदीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुझ्या मोरीत थंडा हाय. ही माझी सून पोटुशी हाय, ती सरबत नको बोलतेय तुझ्या मांडवात. दागिन्यांना तू खोली दिलीस, बाटल्यांना मोरी दिलीस. आमाला काय दिलंस?"

"हलद लागू दे, मी..."

"हलद लागनार न्हाय. मोरी उघडल्याबिगर मी धवला घेत न्हाय. दुसरी धवलारीन आन."

दुसरी धवलारीण कुठून आणणार? झील धरणारीही त्यांच्याच बाजूला बसलेली. धवल्याशिवाय हळद लावायची हिंमत त्या मांडवात एकाचीही नव्हती, बाळारामची तर नव्हतीच. त्याने खिशातून चावी काढली आणि बायकोच्या हातात दिली. मग दिसेल त्या पुरुषाला हाक मारली. मित्रांनो, त्यानंतरचं दृश्य मी विसरणार नाही. खालच्या बाथरूममधून बाळारामशेठचे पाहुणे, कडक इस्त्रीच्या शर्टातले, एकामागून एक क्रेट उचलून दीडशे बायांच्या समोरून मांडवाबाहेर नेत होते. बर्फाच्या लाद्यांतून पाणी ठिबकत होतं. व्हिडिओवाल्याला कॅमेरा बंद करायचं सुचलं नाही. हितेशच्या लग्नाच्या सीडीत ती मिरवणूक अजून आहे.

पाऊण तास लागला. तिन्ही दारांपुढे रांगा. पहिली मृणाली. आनंदीबाई सगळ्यात शेवटी गेल्या, कारण त्या यजमानाची बहीण होत्या. परत आल्या, पाटावर बसल्या आणि माझं झाकण फिरवलं. घटाघटा प्यायल्या. मग मला मागे दिलं. मृणाली प्यायली. मग गोदूने हात पुढे केला. तिने पेला नको म्हटलं, मला वर धरून तोंडात धार सोडली आणि अर्धी साडी भिजवली. मी तिच्यावरचा सगळा राग तिथेच सोडून दिला.

हळद लागली. धवला असा झाला की तसा त्या मांडवात पुन्हा होणार नाही. बाळाराम तीन महिने बहिणीशी बोलला नाही. मग मृणालीला मुलगा झाल्यावर आला, आणि नजर चोरत म्हणाला की गोदामाच्या अंगणाच्या कडेला बायांसाठी दोन खोल्या बांधल्यात, पत्र्याच्या, पण आतून कडी आहे. आनंदीबाईंनी त्याला चहा दिला. शाबासकी दिली नाही. मला ते फार आवडलं.

आणि आता नियम झाला आहे. लग्नाची सुपारी घेऊन कोणी दिघाशीला आलं की आनंदीबाई आधी मोरीचं विचारतात. आहे म्हणाले तर, कडी आहे का. कडी आहे म्हणाले तर, आत काय ठेवलंय. मग सुपारी घेतात. लोक मागे नावं ठेवतात, धवलारीण आहे की म्युनिसिपालिटी. ठेवू द्या. दोन हजार नऊ साल चालू आहे आणि त्या बाईच्या दोन्ही किडन्या जागेवर आहेत. डॉक्टर आसावरींनीही मुकादमाकडून दुसरी चावी करून घेतली, ती त्यांच्या टेबलावर निळ्या बाटलीच्या शेजारी असते. गेल्या वेळी मी बघितलं, बाटली निम्म्याला आली होती.

माझे आटे आता झिजले आहेत. झाकण धड बसत नाही, टेम्पोत हिंदकळलो की थोडं सांडतं. धनेश म्हणतो, मोडीत देऊ या. आनंदीबाई नाही म्हणतात. पण मी मोडीत गेलो तरी माझी तक्रार नाही. मी वापरून झिजलो.

तक्रार दुसरी आहे. म्हणून, मित्रांनो, माझं एक ऐका. आज संध्याकाळी आई कामावरून आली, की तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली उचलून बघा. कारखान्यातून येवो, शाळेत शिकवून येवो, कचेरीतून येवो. बाटली हलकी लागली तर तिच्यापुढे चहा ठेवा. जड लागली तर रागवा. जरूर रागवा, पण तिच्यावर नको. तिला पाणी पी, तब्येत सांभाळ असं शहाणपण शिकवू नका. ते तिला माहीत आहे. ती जिथून आली त्या जागेचं नाव विचारा, तिथल्या मोठ्या माणसासमोर जाऊन उभे राहा आणि विचारा, वाट कुठं हाय मोरीची.